३००० आरपीएमला गाडी का घुमते, आणि ती घूं कशी काढायची

प्रश्न मिशिगनमधल्या एका वाचकाचा आहे. गाडी २०२३ची टोयोटा जीआर ८६, मॅन्युअल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) मागचा सगळा एक्झॉस्ट त्यांनी बदलून घेतला: ३ इंची नळी, मागे दोन आरपार मफलर, म्हणजे सायलेन्सर. ते लिहितात, "गावात आवाज सुंदर लागतो. पण फ्रीवेवर सहाव्या गिअरमध्ये ७० मैलांवर गाडी स्थिरावली की डोक्यात घूं बसते. ऑफिस ५० मैलांवर आहे. बायको आता या गाडीत बसायलाच तयार नाही. दुकानदार म्हणतो मध्ये आणखी एक रेझोनेटर टाका, मित्र म्हणतो डिक्कीत डॅम्पिंगची शीट लावा. मला जुन्या एक्झॉस्टवर परत जायचं नाही. काय करू?"

दुकानदार आणि मित्र दोघांचंही ऐकू नका, निदान अजून तरी. दोन्ही उपाय आवाजावरचे आहेत, आणि तुम्हाला त्रास होतोय तो सबंध आवाजाचा नाही, त्यातल्या एका स्वराचा. तो स्वर कोणता ते आधी मोजा. मग त्याच्याच मापाची एक बंद नळी लावून तो काढता येतो. मी बावीस वर्षं सायलेन्सरचं काम करतो आहे, आधी चाकणला आणि आता डेट्रॉइटच्या आसपास. घुमणाऱ्या गाडीवर न मोजता पैसे घातलेले लोक मी फार पाहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. तुमचं इंजिन २.४ लिटरचं, चार सिलिंडरचं बॉक्सर, म्हणजे सिलिंडर दोन-दोन समोरासमोर आडवे. म्हणजे एका फेरीत दोन स्फोट. ३००० आरपीएम म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्या, सेकंदाला ५०, म्हणून सेकंदाला १०० स्फोट. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा, तेव्हा हा सूर १०० हर्ट्झ. आता तुमच्या गाडीच्या सहाव्या गिअरचं गुणोत्तर ०.७६७ आणि मागच्या फायनल ड्राइव्हचं, म्हणजे चाकांआधीच्या शेवटच्या गिअरजोडीचं, ४.१० आहे. १८ इंची चाकाला २१५/४० टायर धरला तर ७० मैलांवर इंजिन जवळपास ३००० आरपीएमला फिरतं. ६५ मैलांवर ते २८०० च्या जरा खाली येतं, ७५ वर ३२०० ला पोचतं. तुमचा रोजचा सगळा फ्रीवे ९२ ते १०७ हर्ट्झ या अरुंद पट्टीत जातो. गाडी तासभर एकच सूर धरून बसते, आणि तो सूर नेमका तुमच्या एक्झॉस्टला आणि केबिनला आवडणारा आहे.

आवडणारा म्हणजे काय ते सांगतो. नळीत आवाजाची लाट पुढे जाते, उघड्या टोकाशी पोचल्यावर तिचा बराचसा भाग उलटा परततो, आणि लांबी जुळली तर जाणारी आणि येणारी लाट एकमेकींना उचलून धरतात. केबिनचंही तसंच. डॅशबोर्डपासून मागच्या काचेपर्यंत साधारण दोन मीटर धरले तर तेवढ्या हवेच्या कोठीचा स्वतःचा सूर ८५ हर्ट्झच्या आसपास येतो. मागची सीट पाडलेली असेल आणि डिक्की केबिनला जोडली गेली असेल तर आणखी खाली. इंजिनचा सूर, नळीचा सूर आणि केबिनचा सूर एकमेकांच्या जवळ आले की घूं उठते. म्हणून २००० ला गाडी शांत असते, ३००० ला डोकं भरतं आणि ३६०० ला पुन्हा मोकळं वाटतं.

याची खूण गाडीत बसूनच पटते. कोणाला तरी चालवायला द्या, स्वतः शेजारी बसा, आणि घूं पूर्ण भरली असताना डोकं हेडरेस्टपासून हळूहळू पुढे न्या. बहुतेक कूपे गाड्यांत वीतभर पुढे आलं की आवाज उतरतो, मागे टेकलं की परत चढतो. आवाजाचा उगम काही हललेला नसतो. केबिनमध्ये उभ्या राहिलेल्या लाटेचा दाब मागच्या काचेपाशी जास्त आणि मध्यावर कमी असतो, तो तुमचा कान मोजतोय.

आता जुना मफलर असं का करत नव्हता? संधी मिळाली तर कंपनीचा जुना मफलर ग्राइंडरने कापून आत बघा. दोन-तीन आडवे पडदे असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात, गॅस एका कप्प्यातून दुसऱ्यात आणि तिथून परत उलटा फिरतो. आणि बऱ्याच मफलरमध्ये एक नळी अशी असते, की ती एका बंद कप्प्यात शिरते आणि तिथेच संपते. तिच्यातून गॅस कुठेही जात नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, ही चुकून राहिली. तीच नळी घूं खात असते. कोकणस्थांच्या घरी नवरात्रात अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागर फुंकताना जो एक ठरलेला सूर निघतो, तो घागरीच्या पोटाचा आणि तोंडाचा सूर असतो. घागर लहान घेतली की सूर चढतो. मफलरमधला तो बंद कप्पा म्हणजे अशीच एक घागर आहे, फक्त ती उलट कामाला लावलेली. तिचा जो सूर, तोच सूर ती एक्झॉस्टमधून ओढून घेते. कंपनीच्या इंजिनिअरने ती नेमक्या हायवेच्या आरपीएमसाठी जुळवलेली असते. तुम्ही मफलर काढला तेव्हा लोखंडाबरोबर ती घागरही गेली.

तिच्या जागी आला आरपार मफलर: मध्ये भोकांची सरळ नळी, भोवती काचतंतू किंवा बेसॉल्टची लोकर. ही लोकर वरच्या सुरांना छान खाते, गाडीचा कर्कशपणा तिच्यामुळेच जातो. पण गरम गॅसमध्ये १०० हर्ट्झची लाट सव्वाचार मीटरहून लांब असते. पाच सेंटिमीटर जाडीची लोकर तिच्या खिजगणतीतही नसते. दुकानदार ज्याला रेझोनेटर म्हणतो आहे तोही बहुतेक वेळा असाच एक बारीक आरपार मफलर असतो, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. नाव रेझोनेटर, काम लोकरीचं. तो घातल्याने ४००० च्या वरची खरखर कमी होईल, आवाज जरा गोल होईल, आणि ३००० ची घूं जशीच्या तशी राहील. उलट आसपासची खरखर गेल्यामुळे ती जास्त उघडी पडते. हे दुःख घेऊन माझ्याकडे आलेल्या गाड्यांची गणती मी सोडून दिली आहे.

डॅम्पिंग शीटचंही तेच. ब्युटाइलची शीट पत्र्याचं थरथरणं मारते. तुमच्या डिक्कीचा पत्रा मुठीने ठोकून बघा. जिथे डबा वाजल्यासारखा आवाज येतो तिथे शीट लावली तर फरक पडतो, आणि सगळा पत्रा मढवायचीही गरज नसते, पाव ते तृतीयांश भाग झाकला तरी बरंच काम होतं. पण हवेतून येणारा १०० हर्ट्झ अडवायचा तर वजन लागतं. पत्र्याचं वजन दुप्पट करावं तेव्हा कुठे ६ डेसिबल कमी होतात. हलकी म्हणून घेतलेली गाडी कोणी दुप्पट वजनाची करत नाही. फोमच्या शीटने तर या सुराला काहीच होत नाही.

तर आता मोजमाप. एका शनिवारी सकाळी, रस्ता मोकळा असताना, सोबत कोणी घेऊन निघा. पहिली चाचणी: ७० मैलांवर घूं भरली की क्लच दाबा आणि इंजिन खाली येऊ द्या. वेग तोच, इंजिन शांत. घूं गेली तर ती इंजिन-एक्झॉस्टची. राहिली तर टायर, चाकाचं बेअरिंग किंवा प्रोपेलर शाफ्ट बघा, एक्झॉस्टला हात लावू नका. दुसरी चाचणी: तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या गिअरमध्ये प्रत्येक वेळी ३००० आरपीएम धरा. वेग वेगळा, पण घूं त्याच आरपीएमला आली तर शंका उरत नाही.

तिसरं, आकडा. फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं कोणतंही अॅप घ्या, फोन सोबतच्या माणसाच्या हातात, कानाच्या उंचीवर. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण चांगले जाणकारही चुकतात. साधं डेसिबल मोजणारं अॅप बहुधा ए वजनावर लावलेलं असतं. हे वजन माणसाच्या कानाला मंद सूर कमी ऐकू येतात म्हणून ते कमी धरतं: १०० हर्ट्झला ते १९ डेसिबल वजा करतं, ६३ हर्ट्झला २६. म्हणजे ज्याने तुमचं डोकं दुखतंय तेच ते मोजणीतून काढून टाकतं, आणि आकडा दाखवतो की नवा एक्झॉस्ट जुन्यापेक्षा जेमतेम मोठा आहे. वजन काढून टाका, किंवा मंद सूर फारसे न कापणाऱ्या सी वजनावर न्या, आणि ६० ते १५० हर्ट्झच्या मध्ये उंच सुळका कुठे उभा राहतो ते बघा. त्याच वेळी टॅकोमीटर वाचा. आरपीएमला ३० ने भागा, सुळक्याचा आकडा यायला हवा. आला की सूर सापडला. पुढच्या सगळ्या कामासाठी तो एक आकडा पुरतो. तो ९८ निघेल, १०३ निघेल, पण मी पुढे १०० धरून चालतो.

नळी कापायच्या आधी गाडी लिफ्टवर घ्या. हे काम फुकटचं आहे आणि अर्धी घूं कधी कधी इथेच निघते. नवा एक्झॉस्ट बसवताना घाई होते, नळी एकीकडे ओढली जाते, नळी गाडीखाली टांगणाऱ्या हँगरची रबरं ताणून बसतात. ताणलेलं रबर रबर राहत नाही, ते लोखंडाच्या कांबीसारखं थरथर थेट बॉडीत नेतं. इंजिन थंड असताना मफलर दोन्ही हातांनी धरून हलवा. तो सगळ्या बाजूंना सारखा, सैल झुलला पाहिजे. मग टॉर्च घेऊन नळीचा सबंध मार्ग डोळ्यांखालून घाला आणि चकाकी शोधा. मागच्या वर्षी एक गाडी आली होती, मालकाने आधीच दोन मफलर बदलले होते. मागच्या सस्पेन्शनच्या आडव्या पट्टीवर, नळीच्या अगदी वर, रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका आरशासारखा घासलेला होता. बाकी पट्टीवर मिठाचा पांढरा थर, आणि मध्ये तो स्वच्छ चकाकता ठिपका. नळी थंड असताना तिथे पाच मिलिमीटरची फट दिसायची. गरम होऊन नळी वाढली आणि इंजिनने जोर लावला, की ती पट्टीला टेकायची आणि सगळी गाडी तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी वाजायची. क्लॅम्प सैल करून नळी अंगठ्याच्या नखाएवढी फिरवली. बाकी काही केलं नाही.

हीट शील्ड, म्हणजे नळीची उष्णता अडवणारा पत्रा, सैल आहे का, बंपरच्या कटआउटला टोक घासतंय का, तेही बघा. हौसेने पॉलियुरेथेनचे कडक हँगर लावले असतील तर ते काढून मूळच्या मऊ रबरावर या. रस्त्यावरच्या गाडीत कडक हँगरचा काहीच फायदा नाही.

आणि आवाज आत शिरायच्या वाटा. मागच्या बंपरच्या आत, दोन्ही कोपऱ्यांत, दार आपटल्यावर केबिनमधली हवा बाहेर जाऊ देणाऱ्या झडपा असतात, पातळ रबरी पापण्यांच्या. त्या वाकलेल्या किंवा तुटलेल्या असल्या तर एक्झॉस्टचं तोंड आणि तुमचा कान यांच्यात फक्त कार्पेट उरतं. डिक्कीच्या तळातली रबरी बुचं जागेवर आहेत का बघा. एक्झॉस्टची टोकं बंपरच्या कडेपासून थोडी बाहेर आली पाहिजेत. आत राहिली तर आवाज आणि गॅस दोन्ही बंपरखाली कोंडतात. हे फक्त आवाजाचं नाही. केबिनमध्ये जळक्या गॅसचा वास येत असेल तर कार्बन मोनॉक्साइडही येतो आहे, आणि त्याला वास नसतो. असं असेल तर गळती सापडेपर्यंत ती गाडी लांब चालवू नका.

तुमच्या गाडीत आणखी एक चीज आहे: टोयोटाने इंजिनचा आवाज स्पीकरमधून आत सोडायची व्यवस्था ठेवलेली आहे. कंपनीचा शांत एक्झॉस्ट असताना तिला अर्थ होता. आता खरा आवाज भरपूर आहे, तेव्हा ती बंद करून एकदा चालवून बघा. घूं तिने जाणार नाही, पण मोजताना एक गोंधळ कमी होईल.

एवढं सगळं करूनही सुळका तिथेच उभा असेल, आणि ३ इंची आरपार एक्झॉस्टवर बहुधा असेल, तर मग खरा उपाय: पाव लाटेची बंद नळी. इथली मंडळी तिला जे-पाइप म्हणतात, कारण जागेसाठी वाकवली की इंग्रजी जे सारखी दिसते. मुख्य नळीला बाजूने एक फांदी जोडायची आणि तिचं टोक बंद करायचं. लाट फांदीत शिरते, बंद टोकावर आपटते आणि परत येते. फांदीची लांबी लाटेच्या बरोबर पाव असेल तर जाऊन-येऊन अर्ध्या लाटेचा उशीर होतो. बाहेर दाब चढलेला असताना फांदीतून उतरलेला दाब येतो, आणि दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. गॅसची वाट कुठेच अडत नाही, ताकद जात नाही, वरचा आवाज तुम्हाला आवडतो तसाच राहतो.

लांबी काढायला आवाजाचा वेग लागतो, आणि सगळी गोम तिथे आहे. वेग तापमानावर ठरतो. तापमान केल्विनमध्ये घ्या, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवा. त्याचं वर्गमूळ काढा आणि २० ने गुणा, मीटर प्रतिसेकंद येईल. २० अंशांना ३४२. १०० अंशांना ३८६. २०० अंशांना ४३५. आता १०० हर्ट्झसाठी वेगाला ४०० ने भागा: २०० अंशांना लांबी १०९ सेंटिमीटर, १०० अंशांना साडेशहाण्णव.

फांदीत किती अंश धरायचे? मुख्य नळीतला गॅस तापलेला असतो, पण फांदीत प्रवाह नाही, गॅस तिथे नुसता उभा असतो आणि खालून वारा लागतो. फांदीचं तोंड गरम, टोक बरंच थंड. चाकणला असताना मी पहिली फांदी पुस्तकातला ३४३ चा वेग घेऊन कापली होती: ८६ सेंटिमीटर. सुबक वेल्डिंग केलं, गाडी खाली उतरवली, ३००० ला घूं तशीच. नंतर मोजलं तेव्हा ती फांदी ३८०० च्या आसपासचा सूर खात होती, जिथे कोणाला त्रासच नव्हता. कापलेली नळी वाढत नाही. तेव्हापासून मी १५० ते २०० अंशांचा अंदाज धरतो, त्यावर पाच-सहा सेंटिमीटर जास्त ठेवतो, आणि टोक वेल्ड करत नाही. तुमच्यासाठी ११५ सेंटिमीटरपासून सुरुवात करा. टोकाला आत-बाहेर सरकणारी बंद टोपी बसवा, क्लॅम्पने आवळा, आणि रस्त्यावर जाऊन जुळवा. टोपी अडीच सेंटिमीटर आत घेतली की सूर सव्वादोन हर्ट्झने, म्हणजे साधारण ७० आरपीएमने वर जातो. दोन-तीन फेऱ्यांत जागा सापडते. प्रत्येक फेरीत आधी किमान वीस मिनिटं फ्रीवेवर चालवा, एक्झॉस्ट पूर्ण तापू द्या, मगच आकडा घ्या. मापं वाकलेल्या नळीच्या मध्यरेषेवरून घ्यायची, बाहेरच्या कडेवरून नाही.

फांदी कुठे लावायची हे लांबीइतकंच महत्त्वाचं आहे, आणि इथे दुकानं सर्रास चुकतात. उघड्या टोकाजवळ दाब जवळजवळ शून्य असतो. तिथे लावलेल्या फांदीला खायलाच काही मिळत नाही. टोकापासून मीटरभर आत दाब चांगला भरतो. तुमच्या गाडीत मधली नळी एकच आहे आणि ती मागे जाऊन दोन्ही मफलरना फुटते. त्या फाट्याच्या आधी, एकेरी नळीवर फांदी लावा. एकच फांदी दोन्ही बाजूंचं काम करते. मफलरच्या मागे, टोकांजवळ जागा मोकळी दिसते म्हणून तिथे लावायला दुकानदार सुचवेल, त्याला नाही म्हणा.

फांदीची जाडी मुख्य नळीइतकी असेल तर उत्तम, तुमच्या ३ इंचीवर अडीच इंची चालेल. बारीक केली तर ती खाते तो पट्टा अरुंद होतो आणि ६५ मैलांवर घूं परत येते. मुख्य नळीला पाडलेलं भोक फांदीच्या पूर्ण आतल्या व्यासाचं हवं. हे स्वतः उभं राहून बघा. इंचभर भोक पाडून त्यावर अडीच इंची नळी डकवलेली मी एकाहून जास्त गाड्यांवर काढली आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, पण तोंड आवळलेली फांदी वेगळाच सूर धरते. वेल्डिंग टिगचं, नळी ३०४ स्टेनलेसची, कारण मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ असतं आणि हलक्या प्रतीचं स्टील दोन-तीन हिवाळ्यांत चाळण होतं. फांदीचा उतार मुख्य नळीकडे ठेवा, नाहीतर गॅसमधलं पाणी बंद टोकाशी साचतं, गोठतं, आणि लांबी आपोआप कमी होते. तसा उतार जमत नसेल तर सर्वांत खालच्या जागी ३ मिलिमीटरचं भोक पाडा. थर्मल पट्टी गुंडाळू नका. गॅस गरम राहतो हे खरं, पण ती पट्टी मिठाचं पाणी धरून ठेवते.

हिवाळ्यात फांदी जास्त थंड होते आणि तिचा सूर थोडा खाली सरकतो. म्हणून जुळवणी जानेवारीत किंवा जुलैत करू नका, एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बरा. उन्हाळ्यात ती किंचित वरचा सूर खाईल, हिवाळ्यात किंचित खालचा, आणि ६५ ते ७५ मैलांची तुमची पट्टी दोन्ही वेळा तिच्या आवाक्यात राहील. नीट जुळलेल्या फांदीने नेमक्या सुरावर १० डेसिबलपेक्षा जास्त उतार मी नेहमी पाहतो, आणि साधारण ४०० आरपीएमच्या पट्ट्यात फरक जाणवतो.

११५ सेंटिमीटरला खाली जागाच नसेल तर घागर लावा: आखूड मानेला जोडलेली बंद टाकी. ३८ मिलिमीटरची मान, तिची परिणामी लांबी (दोन्ही टोकांशी हलणारी हवा धरून) ९ सेंटिमीटर, आणि टाकी सुमारे ६ लिटरची, एवढ्यात २०० अंशांना १०० हर्ट्झ येतात. पण टाकी रस्त्यावर जुळवणं कटकटीचं. फांदीची टोपी सरकवता येते, टाकीचं पोट नाही. दोन्हींपैकी मी फांदीच निवडेन.

खर्चाची तयारी असेल तर झडप असलेला मफलर हाही चांगला रस्ता आहे. फ्रीवेवर झडप बंद, गावात आणि ट्रॅकवर उघडी. एकट्या घुमण्यासाठी मात्र मी तिथून सुरुवात करणार नाही. हलता भाग, मीठ आणि उष्णता यांचं फार दिवस जमत नाही.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा विचार मनात असेल तर तो सोडा. अमेरिकेत क्लीन एअर अॅक्टखाली ते बेकायदेशीर आहे, आणि घूं त्याने वाढते. गाडी चालवताना कानात हेडफोन घालून वेळ मारून नेणंही नको, मागून येणारी अॅम्ब्युलन्स ऐकू आली पाहिजे.

ज्यांची गाडी वेगळी आहे त्यांच्यासाठी जाता जाता: सहा सिलिंडरना आरपीएमला २० ने भागा, आठांना १५ ने. व्ही ८ मस्टँग १८०० ला फिरत असेल तर १२० हर्ट्झ, म्हणजे २०० अंशांना फांदी ९१ सेंटिमीटर. आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर फिरणाऱ्या तीन सिलिंडरच्या टर्बो गाड्यांना ४० ने भागायचं. २४०० ला ६० हर्ट्झ येतात आणि फांदी १८१ सेंटिमीटरची होते, म्हणून तिथे ती बसवणं अवघड जातं आणि मूळचा मागचा मफलर ठेवून देणंच शहाणपणाचं ठरतं.

जुळवणी झाली की टोपी लगेच वेल्ड करू नका. जागेवर मार्करने खूण करा, क्लॅम्प आवळा, आणि पंधरा दिवस ऑफिसला ये-जा करा. एकदा पत्नीला शेजारी बसवून, एकदा डिक्कीत सामान भरून, एकदा पावसात. खूण हललेली नसेल आणि त्याही बसायला तयार झाल्या असतील, तर मग टोपीला चार टाके मारून टाका.